कडू

पोरिन्योच्या ग्रॅनाइट कारखान्यात आज मास्कची चाचणी,
म्हणून एलादिओनं बावीस वर्षांची दाढी
पहाटे बेसिनमध्ये उतरवली.
बायको म्हणाली, अगंबाई, तुला हनुवटी होती तर!

मास्कवरून टोपडं. आत फवारा.
"मान हलव. मोठ्यानं वाच.
कडू लागतंय?"

लागत होतं.
गालावर करवतीचा जुना व्रण,
तिथं रबर टेकत नव्हतं.

नाही म्हटलं की संपलं,
सोमवारपासून पुन्हा कटिंगवर, पुऱ्या पगारात.

बाप ओला रुमाल बांधायचा.
आता जिन्यात दर तिसऱ्या पायरीला थांबतो
आणि हवापाण्याच्या गप्पा काढतो,
म्हणजे धाप
कुणाच्या लक्षात येऊ नये.

"लागतंय," एलादिओ टोपड्यातून म्हणाला.

तपासनीस पोरीनं पेन ठेवलं,
दुसऱ्या मापाचं खोकं फोडलं.