फक्त बाहेरून

महिन्याचे ऐंशी दिरहम, आठवड्यातून तीनदा,
फक्त बाहेरून.
वॉचमनने सांगितलं, मी मान डोलावली, झाला करार.
दुसऱ्या दिवशी पहाटे
बिल्डिंगमागच्या वाळूच्या प्लॉटवर
माझ्या गाडीचे दोन्ही वायपर उभे होते.
धुतली, याची पोचपावती.

तेव्हापासून रोज ते आडवे करते नि निघते.
शारजाहून अजमानपर्यंत माणसं
रात्रीपासून उपाशी, बाही वर करून बसलेली असतात.
बाजूच्या सीटवर निळी पेटी, पेटीत बर्फ,
लाल टोपणाच्या नळ्या वेगळ्या, जांभळ्या टोपणाच्या वेगळ्या,
प्रत्येकीवर नाव, वय, वेळ.
पेटीत शिस्त.
पेटीखाली वाळू.

लोकांच्या घरात मी किती सोवळी!
हातमोजे नवे, सुई नवी,
स्पिरिटचा बोळा गोल फिरवायचा, आतून बाहेर,
पुसलेल्या जागी पुन्हा बोट लावायचं नाही.
आणि गाडीत
कपहोल्डरमध्ये करक चहाचा वाळलेला थर,
बिलाच्या कागदात गुंडाळलेल्या खजुराच्या बिया,
पायाशी लोळणाऱ्या पाण्याच्या बाटल्या
(ब्रेक मारला की सगळ्या पुढे येतात, हजेरी द्यायला),
दाराच्या कप्प्यात थालीपिठाचा अर्धा तुकडा,
या मंगळवारचा की त्याआधीच्या,
ते लॅबलाच विचारावं लागेल.
वरून कीर्तन, आतून तमाशा.

सिग्नल लाल झाला की एक बोळा फाडते,
स्टिअरिंग पुसते, गिअर पुसते.
बोळा काळा होईतो
दिवा हिरवा.
तेवढीच माझी साफसफाई.

एप्रिलमध्ये वारं सुटलं.
दोन दिवस आकाश मुलतानी मातीच्या रंगाचं,
तिसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या एकाच कंपनीच्या.
माझे वायपर आडवेच.
चौथ्या दिवशी आडवे. आठव्या दिवशीही.
मागच्या काचेवर कुणीतरी बोटाने
हसरा चेहरा काढून ठेवला.
मी वॉचमनला फोन लावला,
ऐंशी दिरहम कशाचे घेतो रे तो?
म्हणाला, मोतालेबला ताप आहे, मॅडम.

मोतालेब.
अडीच वर्षांनी कळलेलं नाव.
दिवसाला वीस नावं लिहिते मी,
स्पेलिंग दोनदा विचारून.

दहाव्या दिवशी एक फेरी लवकरची होती,
पावणेचारला खाली उतरले तर तो तिथेच,
एक बादली, चार गाड्या,
शेवटच्या गाडीला पाणी म्हणायचं ते नावापुरतं.
दुसऱ्या गाडीच्या बॉनेटवर टेकून दम खात होता.
कोपरापर्यंत ओला हात,
शीर लगेच सापडावी असा.
सवयीने आधी तीच दिसली मला,
मग साबणाने चिरलेली बोटं,
चेहरा सगळ्यात शेवटी.

काही खाल्लंस का, असं विचारायला हवं होतं.
मी विचारलं, उपाशीपोटी आहेस का?
तो गोंधळला. मीही.
मग गाडीकडे बघत, हळूच,
जणू त्याचीच काही चूक असावी,
म्हणाला, आतलं मी कधी बघत नाही, मॅडम.

म्हणजे बघितलं होतं.

त्या शुक्रवारी पायपुसणी काढून झटकली,
वाळूतून आलेली वाळू वाळूत गेली.
सीटखाली एक रिकामी नळी सापडली, जांभळ्या टोपणाची,
मुदत संपून वर्ष झालेली,
आणि हरवली म्हणून ज्याच्यासाठी मी
घरभर भांडले होते ते कानातलं.
थालीपीठ निघता निघेना.
कमरेत उसण भरली.
चार बोळ्यांत डॅशबोर्डचा खरा रंग कळला,
राखाडी नव्हे, काळा.

वर जाताना परत फिरले
आणि एक वायपर उभा करून ठेवला.
माझ्या बाजूचा.

सकाळी दोन्ही उभे होते.
त्याला काही कळलं की नाही, कोण जाणे.
मी आडवे केले, पेटी ठेवली, निघाले.
पहिल्याच सिग्नलला
करक सांडला.