धुलाईघर, डिसेंबर

क्रुप्के जाणार म्हणतात.
धान्याच्या कोठारापाशी म्हणतात, बँकेत म्हणतात,
डॉटीच्या हॉटेलात तर ऑम्लेट उलटायच्या आत
दोन तट पडतात.
तिथं तो चमकेल, म्हणतो पोस्टमन.
तिथं त्याला कच्चा खातील, म्हणतो ट्रॅक्टरवाला :
चौथ्या डाउनला जुगार खेळायची खोड त्याची,
इथं हरलो तर बिअर कडू लागते, एवढंच.
तिथं हरला तर सोमवारी खुर्ची रिकामी.

मला कुणी विचारत नाही.
मी एकोणीस वर्षं या तळघरात
पोरांच्या जर्सी धुते.
गवताचा डाग कुठला, रक्ताचा कुठला,
आणि कुणी बाहीला नाक पुसून रडलंय,
हे मला दिव्याखाली धरायच्या आधीच कळतं.

त्या विद्यापीठाचं मैदान मी टीव्हीवर पाहिलंय.
नव्वद हजार माणसं.
आमच्या जिल्ह्यात गुरं धरली
तरच एवढे जीव भरतील.
तिथं खेळाडूंना म्हणे वेगळा आचारी,
झोपेचा वेगळा डॉक्टर,
आणि पोरं पारखून आणलेली,
बाजारात दात बघून घोडी आणावीत तशी.

क्रुप्केनं कधी पारखलं नाही.
उरलेलं उचललं.
टोबायस, बुटका म्हणून चार ठिकाणांहून परत आलेला.
मार्केल, गुडघ्यात दोन खिळे.
आणि तो सामोआचा फेतू,
सप्टेंबरभर कुणाशी अवाक्षर बोलला नाही.
त्याच्या आईला क्रुप्के दर रविवारी फोन करायचा.
तिची भाषा येत नव्हती.
"जेवला" एवढा एकच शब्द शिकून घेतला होता.
तो म्हणायचा, जेवला.
ती हसायची. हा हसायचा. फोन ठेवायचे.

त्या पोरांना आधी जिंकायचं नव्हतंच.
कुणीतरी नावानं हाक मारायला हवी होती.
यानं मारली.
मग जिंकायलाही लागली, सलग नऊ सामने,
आणि गेल्या शनिवारी बर्फात
तीन यार्ड कमी पडले.

आता ज्यांना दहाव्या वर्षापासून
अख्खं राज्य नावानं ओळखतं,
ज्यांच्या दारात पत्रांचा खच,
त्यांना हा काय देणार?
उपाशी पोटी घास घालणं वेगळं,
भरल्या पोटाला भूक लावणं वेगळं.
दोन्ही एकाच हाताला जमतं का?
जमतही असेल.
माझ्या नवऱ्याला एकही जमलं नाही.

खरं सांगू?
तो तिथं पडावा, असं मला वाटतं.
पडावा आणि परत यावा.
आणि असं वाटतं म्हणूनच
माझ्या मताला काडीची किंमत नाही.

काल रात्री साडेअकराला तो खाली आला.
टोपी हातात.
तुला काय वाटतं, लव्हर्न?
ड्रायर गरगरत होता.
मी विचारलं, तिथं धुलाईला माणसं किती?
म्हणाला, अकरा.
मग त्या अकरातलं कुणी सांगेल का तुला,
की चव्वेचाळीस नंबरचं पोर
तीन आठवडे एकच बनियन
रेडिएटरवर वाळवून घालतंय?

तो कितीतरी वेळ बोलला नाही.
कोण, एवढंही विचारलं नाही.
मग टोपलीतले मोजे उचलून
जोड्या लावू लागला,
निळ्या पट्टीला काळी पट्टी, लांबाला आखूड.
मी दुरुस्त केल्या नाहीत.

वर, अंधाऱ्या पार्किंगमध्ये
त्याच्या गाडीचं इंजिन चालूच होतं.
थंडीमुळे, म्हणाला.