दोन वॅट

मुहर्रकच्या जुन्या बाजारामागे, गालिच्यांच्या दुकानावर
शौकत परकारची खोली.
दारातून मावले नाहीत म्हणून
खिडकीची चौकट काढून, दोर लावून वर घेतलेले
दोन कर्णे.
बंद पडलेल्या थिएटरचे. सित्र्याच्या भंगारवाल्यानं
वजनावर दिले, पत्र्याच्या भावात,
आणि वर चहा पाजला.

टेबलावर अॅम्प्लिफायर,
बिस्किटांच्या डब्याएवढा.
चार व्हॉल्व्ह, त्यातले दोन
जुन्या काचेचे, खांद्याशी गोल.
"किती वॅट?"
"दोन."
मला हसू आलं. झिरोचा दिवासुद्धा याहून जास्त खातो.
माझ्या पिकअपमध्ये चारशेचा डबा आहे,
सिग्नलला थांबलो की शेजारच्या गाडीच्या काचा थरथरतात.

शौकत म्हणाले, आमच्या दाभोळला
तर पलीकडच्या काठाला राहिली
तर काय करतात लोक? घसा फाडतात?
दोन्ही हात तोंडाशी धरतात, असे.
हा कर्णा म्हणजे तेच हात,
फक्त कुणीतरी गणित करून वाकवलेले.

पण जो एवढ्याशा आवाजाला पुरतो
तो काहीच लपवत नाही.
मधमाशी डब्यात कोंडावी तशी एक गुणगुण
दोन्ही कर्ण्यांतून निथळत होती.
माझ्या चारशेत ती कळलीही नसती.
शौकत स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली बसले.
"आहे?"
"आहे."
केसभर फिरवलं. "आता?"
"आहे, थोडी."
तेव्हा लक्षात आलं, ते मला का विचारतायत.
एकतीस वर्षं चिलर प्लांटमध्ये.
कानात कापूस, तोही शेवटची दहाच.

ऑगस्ट. रात्रीचे अकरा, पारा छत्तीसवर.
एसी बंद. तो चालू असता
तर दोन काय, पन्नास वॅटही तोकडे.
घाम कोपरावरून फरशीवर टपटपतोय
आणि तेही ऐकू येतंय.
मी कंटाळून म्हणालो, "गेली."

त्यांनी कर्ण्याखालच्या कागदी शंकूवर
करंगळी टेकवली,
नाडी बघावी तशी.
"नाही गेली."
रागावले नाहीत. पुन्हा स्क्रू.

बारानंतर कधीतरी खरंच गेली.
खोली एकदम मोठी झाली,
जणू मागची भिंत कुणी उचलून नेली.
मग सुई टेकवली.
बाई गायला लागायच्या आधी
तानपुरेवालीची बांगडी भोपळ्याला लागली, एकदाच.
कुणीतरी सतरंजीवर पाय आखडून घेतला.
आणि बाईंनी श्वास घेतला
इतक्या जवळ, की मी मागे सरकलो.

शौकतची करंगळी अजून कागदावर.
"बांगडी वाजली?"
"तुम्हांला आली ऐकू?"
"ऐंशी साली आली होती. मामूंच्या घरी,
हीच रेकॉर्ड.
आहे ना अजून, एवढंच विचारतो."

मी हो म्हणालो. या वेळी खरं.
त्यांनी बोट तपासून पाहिलं नाही.

बावीस मिनिटं, एक बाजू.
सुई उचलली तोवर दोघांचे शर्ट पिळण्याजोगे.
त्यांनी एसी लावला, कॉम्प्रेसर धडधडला,
आणि खोली होती तेवढी झाली.
"दुसरी बाजू?" मी विचारलं, ओरडूनच.
त्यांनी ओठ वाचले.
"डिसेंबरात," म्हणाले.