तिकीट एकच

तिकीट एकच होतं.
श्रावस्ती म्हणाली, तू जा आई, मी बाहेर थांबते.
मी म्हटलं, गप. मला पायचीत कळत नाही,
पन्नास वर्षांत कुणी समजावलाही नाही.

सहा नंबरच्या गेटाशी तिची बाटली काढून घेतली,
नाणी काढून घेतली, शिट्टीसुद्धा.
ती आत गेली पाठमोरी,
पाठीवर मी शिवलेला सात,
किंचित डावीकडे कललेला.
माझ्याशिवाय कुणाला दिसणार नाही.

मग अख्खी दुपार माझ्या हातात आली
बेतून उरलेल्या कापडासारखी:
टाकवत नाही, कशाला पुरतही नाही.

जर्सी विकणारा पोरगा ओरडत होता, तीनशे, तीनशे.
मी एक उलटी करून पाहिली.
ओव्हरलॉक धड नाही,
पहिल्या धुण्यातच देश उसवायचा.
तो हसला. म्हणाला, मावशी,
रात्रीपर्यंत टिकली तरी बास.

रिक्षावाला हसुराम ठाकूर, शिरवणे गावातला.
रस्ते अडवलेले, त्याला भाडं नाही;
मी बार्शीची, मला घाई नाही.
"चला, तुमाला जग दाखवतो," म्हणाला, "आर्ध्या घंट्यान."

आणि दाखवलं. नेरुळच्या बागेत
सात आश्चर्यं सिमेंटची.
ताजमहाल एका नजरेत मावला.
चीनची भिंत बघता बघता संपली.
हात पसरून उभ्या येशूकडे बोट करत
एक लहान मुलगा ओरडला, "पप्पा, वाइड!"
आणि त्याच्या पप्पांनी आधी हसून घेतलं,
मग इकडेतिकडे पाहिलं.

रोमचं ते गोल मैदानही होतं,
अर्धी भिंत पडलेली.
मुद्दाम पडलेली बांधायला
गवंड्याला जास्त मजुरी मिळाली असेल का,
असा विचार करत उभी होते,
आत एक मांजर झोपलेलं,
आणि गर्जना झाली.

क्षणभर वाटलं, यातूनच आली.
मांजराचा एक कान हलला.
"सिक्स," हसुराम म्हणाला.
पुढची आली ती बुटकी, मध्येच तुटली.
"कॅच सुटली."
आत कधी गेलाच नाही तो.
अंगणात बसून आवाजावरून मोजतो,
बायको म्हणते, चुकत नाही.

"तिकरं आमचा खाजन व्हता," त्याने हात केला
इमारतींकडे, मग आणखी पलीकडे,
मग जरा अलीकडे.
हात नेमका कुठे थांबवावा, त्याला ठरवेना.

दिवे लागायच्या वेळी तळ्याकाठी नेलं.
शेकडो रोहित पक्षी, एका पायावर,
बहुतेकांची तोंडं एकाच बाजूला.
मी विचारलं, कशाची वाट बघतात?
"भरतीची."
पलीकडे स्टेडियमचे दिवे पेटले
आणि पाण्याला तो रंग आला
जो मी बार्शीत तीन दुकानं हिंडून
लेकीच्या फ्रॉकसाठी शोधला होता,
ती पाच वर्षांची असताना.
मिळाला नव्हता.

रात्री त्याच्या घरी जेवले.
तांदळाची भाकरी, निवट्यांचं कालवण.
टीव्ही होता, पण केबल गेलेली.
तिसरा घास तोंडाजवळ होता
तेव्हा ती आली.
वरचे पत्रे थरथरले,
कुत्री उठली,
आणि ती संपेचना.

हसुरामचा हात ताटात थांबला.
मी विचारलं, ही कसली?
तो बराच वेळ ऐकत राहिला.
"ही नय माहीत," म्हणाला.
"ही आजपावत आली नव्हती."

सव्वाअकराला सहा नंबरच्या गेटाशी
श्रावस्ती सापडली. गालांवर रंग,
आवाज पार गेलेला, एक अक्षर फुटेना.
सातचा वरचा टाका उसवलेला.
पर्समध्ये सुई होती,
मी ती काढली नाही.

खुणेनेच विचारलं तिने:
तू काय काय पाहिलंस?

मी दोन्ही हात पसरले.

तिला वाटलं, वाइड.