बॅटरी तिरपी धरा

सात वाजून दहा मिनिटांनी
पडदा एकदा लवला आणि गेला.

मी घाबरले नाही.
पारोळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात
एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेली बाई
एवढ्याने घाबरत नसते.
लाइन मेली म्हणून कोणी ओरडलं
की आम्ही आधी विचारायचो,
कुठपर्यंत जिवंत आहे?

तर, खालचा निळा दिवा लागलेला.
डब्यातला पंखा फिरतोय,
खिडकीतला कूलर त्याच्याहून मोठ्याने.
कॅप्स लॉक दाबलं, हिरवा ठिपका आला.
परत दाबलं, गेला.
म्हणजे आत कोणी आहे. ओ देतंय.
दार तेवढं उघडत नाही.

वायर काढली. निळं तोंड, तीन रांगांत पिना,
चष्मा लावून पाहिल्या, एकही वाकलेली नव्हती.
फुंकर मारून बसवली
आणि दोन्ही स्क्रू कुडीच्या फिरकीसारखे आवळले.
काही नाही.

सुरतेला लोकेशला फोन लावला.
त्याच्या मागे मिलचा भोंगा.
"आत्या, बंद कर, रॅम काढ, खोडरबरने पूस."
पुसली. तिचे सोनेरी दात लख्ख केले,
खोडरबर काळं झालं.
डब्यातून निघाला समोरच्या जिनिंगचा मूठभर कापूस
आणि पालीचं एक अंडं.
ते कुठे ठेवावं कळेना,
चहाच्या पेल्यात ठेवलं.
पुन्हा चालू केल्यावर सुरुवातीची ती छोटी धून
नीट वाजली, शेवटच्या सुरापर्यंत.
पडदा काळाच.

साडेसातला सुपडूआप्पा आले. बुधवार त्यांचा.
आमच्याच एक्स्चेंजचे लाइनमन,
आता गुडघे जिना चढू देत नाहीत
म्हणून मी खालच्या खोलीत टेबल आणलंय.
ते सांगतात, मी टाइप करते.
डावीकडे पुस्तकातला शब्द, उजवीकडे त्यांच्या तोंडातला.
चौदा महिने झाले.

"अंधार करीसनी बठनी का वं?"
"आप्पा, मॉनिटर गेला."
"कोठे गया?"

मग पिशवीतून काढली ती तीन सेलची बॅटरी,
खांबावर चढायच्या दिवसांतली.
जंक्शन बॉक्समध्ये पाहायचे तशी
काचेला टेकवून तिरपी धरली.

विहिरीच्या तळाशी पडलेलं भांडं
दुपारी बाराला दिसतं ना,
तसं होतं सगळं तिथे.
फोल्डर, घड्याळ, बाणसुद्धा.
कोणीच कुठे गेलं नव्हतं.
मागचा दिवा तेवढा विझला होता.

चाचपडत फाइल उघडली.
बशीएवढा उजेड ओळीवरून सरकू लागला.

डोळा  डोया
मळा  मया
काळा  काया

"हाई बठ्ठं मी सांगं?"

चौदा महिन्यांत त्यांनी पडदा पाहिलाच नव्हता.
त्यांची खुर्ची दाराकडे, रस्त्याकडे तोंड केलेली,
पडदा माझा.
मी म्हटलं, खाली चला आप्पा, खूप आहे अजून.
बॅटरी 'मया'वरून हलेना.
ओठ हलत होते, आवाज नव्हता.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "धुयाले जानं पडी."
नवा मॉनिटर. सोमवारी, मी म्हटलं,
बसचं आणि पैशांचं बघते.
"मंग आज लिखनार नही का?"

मी खुर्ची ओढली.
अंधारातही बोटांना आपापली जागा ठाऊक असते.
डावीकडे टाइप केलं: हळू.

उजेड उजवीकडच्या रिकाम्या चौकोनात आला.
त्यांचा हात थरथरत होता, चौकोनही.
सेल पिवळे पडत चाललेले.
मला शब्द माहीत होता, बोट 'ह'वर होतं.

"हयू लिख," आप्पा म्हणाले,
"मले दखू दे."