फिरते आणि जागेवरचे

पितळेपासून सुरुवात केली, कारण ती दुकानात पडून होती:
जळालेल्या पंपाची बुशं, त्यातून तासलेले सहा बोल्ट.
चकती बेकलाइटची, गुणवंता ठवऱ्याने लेथवर
मध्य काढून दिलेली, पैसे न घेता, शिव्या देत.
मारेगावचा बाजार उठला, रात्री लाइन आली,
आणि पहिली ठिणगी.

पांढरा धूर. जस्त आधी उडून जातं,
पहिल्या पंगतीला जेवून निघणाऱ्यांसारखं.
मागे तांबूस, भोकाभोकांचं काहीतरी उरतं.

तांबं उष्णता पळवतं, पण मऊ;
टोकांना टेकोड्यासारख्या टोप्या आल्या.
जिनिंगमधले स्टीलचे बोल्ट टिकले,
पण ते तापले की ठिणगी विझायचं नाव घेईना.

इंदल बोरच्या गाडीवर. आदिलाबादेकडून त्याचा फोन:
"जुन्या बिटाची बटनं आणतो ना बाप्पा, कार्बाइडची.
चारशे फूट दगड खाल्ला त्यानं,
तुया ठिणगीले काय भ्यायचं?"

तंबाखूच्या डबीत घेऊन आला.
दगडाला न भ्यालेलं बटन
गार होताना टक् करून चिरलं.
आम्ही दोघं त्या चिरेकडे बघत राहिलो,
चहा तसाच.

शेवटी टंगस्टन. चंद्रपूरला वेल्डिंगवाल्याकडे काड्या मिळतात.
लाल टोकाची नको, तिच्यात थोरियम,
घासली की धूळ छातीत.
सोनेरी टोकाची घेतली. पैसे दोन काड्यांपुरतेच.

मग चकती हाताने फिरवत मोजत बसलो.
सहा फिरते, दोन जागेवरचे.
फिरत्याला सहांतून एकदा आग, मग वारा लागतो.
जागेवरच्याला प्रत्येक वेळी.
म्हणून टंगस्टन त्या दोघांना,
फिरत्यांना जिनिंगचे बोल्ट.

"म्हंजे मले लोखंड," इंदल हसला.
पहाटे त्याची गाडी सिरोंच्याकडे गेली.

आता कॉइलीच्या माथ्यावर हातभर जांभळी फांदी उगवते,
समोरच्या सलूनमधली ट्यूब, वायर नसताना, हातात पेटते,
पोरं ओरडतात, दुकानभर तिखट वास.
ते सगळं दहा मिनिटांचं.
बाकी वेळ मी मोटरी भरतो
आणि दर रविवारी भिंगातून टोकं बघतो.
सोनेरी रंग कधीच जळून गेला,
टोकं आहेत तशी. जवळजवळ.

परवा फोनवर सांगितलं त्याला,
तुझे अर्धा सूत झिजले.
ऐकू गेलं की नाही कोण जाणे,
मागे ड्रिल सुरू होतं.