नोंदीबाहेर

इरीच्या फेडरल कोर्टात वरच्या मजल्यावरून
तळं दिसतं. काठाशी गोठलेलं,
आत अजून काळं, हलतं.
मी शेवटच्या बाकावर.
रजेच्या अर्जावर कारण लिहिलंय : दात.

पुढे बर्निस ओल्शेव्स्की.
एकोणीस वर्षं डेअरीत,
पाश्चरायझरशेजारी तिच्या रबरी बुटांची जागा
फरशीलासुद्धा पाठ.
तिला काढलं ते एका आकड्यावरून.
तिच्या वहीत एकशे बासष्ट,
माझ्या थर्मामीटरवर एकशे अठ्ठावन्न.
खोटी नोंद, म्हणाली कंपनी.
अहवालाखाली सही : यू. टिळेकर, लॅब.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात आपल्यात.
इथे मुख एकच,
पिट्सबर्गहून स्वतः गाडी हाकत आलेलं, सर्दीनं बेजार.
हॉटेलची मागची खोली, आदल्या रात्री तिथे कुणाचं तरी लग्न,
एक रुपेरी फुगा छताला टेकून राहिलेला.
मिस्टर हॅलोरन वाचत होते करारातलं कलम,
‘योग्य कारणाशिवाय कामावरून काढता येणार नाही’,
आणि मधेच रुमाल शोधत होते.

आकडा तुम्ही वाचलात?
वाचला.
नीट वाचलात?
नीट.

थर्मामीटर नीट होता का, हे कुणी विचारलं नाही.
ना युनियनच्या वकिलानं, ना त्यांनी.
तपासणीची तारीख उलटून सात आठवडे झाले होते.
त्यावरची चिठ्ठी माझ्याच अक्षरातली.
विचारलं तेवढंच बोलावं,
असं मला कुणी शिकवलं होतं, आठवत नाही.

निवाडा आला :
चूक आहे, पण नोकरी जावी एवढी नाही.
परत घ्या.
अकरा महिन्यांचा पगार मात्र मिळणार नाही.

कंपनी कोर्टात गेली.
लहान मुलं पितात हे दूध, वकील म्हणाला,
आणि ‘मुलं’ म्हणताना आवाज खाली आणला.
न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला.
‘पंच मी असते तर कदाचित असं ठरवलं नसतं.
पण तुम्ही दोघांनी मिळून त्यांना निवडलंत, मला नाही.
निवाडा बरोबर की चूक, हे मी बघायचं नाही.
करारातून निघाला का, एवढंच.
निघालाय.’

दुधाचं दूध, पाण्याचं पाणी,
हेच तर माझं काम, रोज सकाळी सहापासून,
नळीनं, थेंबाथेंबानं.
पर्समध्ये त्या चिठ्ठीचा फोटो होता.
उभं राहावंसं वाटलं.
पण इथे नवं काही ऐकत नाहीत,
जे त्या फुग्याखाली बोललं गेलं तेवढंच खरं,
बाकीचं नोंदीबाहेर.
कायद्याचं हे शहाणपण मला कळतं.
त्याच शहाणपणानं बर्निस वाचली
आणि मीही.

जिन्यात तिनं मला गाठलं, मिठी मारली.
कोटाला नॅप्थलीनचा वास,
अकरा महिने कपाटात असल्यासारखा.
‘तू दिसलं ते सांगितलंस,’ म्हणाली, ‘राग नाही माझा.’
मग आठवण झाल्यासारखं,
‘दात कसा आहे? रॉय म्हणाला, तू दातासाठी रजा घेतलीस.’

दुखतोय, म्हटलं.
तिनं तेही खरं धरलं.